वाईला पाहुणे आलेत, ढोल्या गणपती झाला. आता कुठे न्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाई म्हणजे पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचा थांबाच ना? किती वेळ ठेवावा?

बहुतेक पाहुणे वाईला पाऊण तास देतात. गणपतीचं दर्शन, घाटावर दोन फोटो, एक चहा, की गाडी पसरणी घाटाला. एवढ्यात वाई दिसत नाही. गाव, मेणवली आणि धोम नीट पाहायचं तर एक पूर्ण दिवस लागतो. किकली किंवा लोहाऱ्याची लेणी जोडायची असतील तर दीड दिवस, आणि किल्ला चढायचा असेल तर त्याला स्वतंत्र दिवस. मुक्काम वाईतच करा. पाचगणी जेमतेम बारा-तेरा किलोमीटरवर असली तरी तिथे राहून रोज घाट उतरायचा म्हणजे सकाळचा चांगला वेळ वळणांत जातो. वाईच्या जागा सकाळी नऊच्या आत आणि दुपारी चारनंतरच बघायच्या असतात. मधल्या वेळात काळा दगड तापतो, घाटावर अनवाणी पाय ठेववत नाही आणि कोरीवकामही सपाट दिसतं.

पुण्याहून यायचं कसं? गाडी नसेल तर?

पुणे-सातारा महामार्गाने शिरवळ, खंडाळा (हे साताऱ्याचं; लोणावळ्याजवळचं वेगळं), खंबाटकी घाट, आणि घाट उतरून थोडं पुढे सुरूर फाट्याला उजवीकडे. तिथून वाई दहा-बारा किलोमीटर. साताऱ्याकडून येणाऱ्यांना सुरूरपर्यंत जायची गरज नाही, पाचवडहून आत वळता येतं.

एसटीचं म्हणाल तर स्वारगेटहून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या वाईवरून जातात, त्यामुळे अडचण नाही. खरी अडचण वाईत उतरल्यावर सुरू होते. मेणवली-धोम रिक्षाने होतं. मात्र रिक्षा जाऊन-येऊन आणि थांबण्यासह ठरवा, परतीची तिथे मिळेलच असं नाही. बाकी गावांना एसटीच्या मोजक्या फेऱ्या आणि वडाप, म्हणजे माणशी भाड्याने चालणाऱ्या खासगी गाड्या. वडाप भरल्याशिवाय हलत नाही आणि संध्याकाळनंतर जवळजवळ बंद होतं, म्हणून परतीचं विचारल्याशिवाय कुठेही उतरू नका.

घाटावर गणपतीशिवाय काय बघायचं?

आधी गणपतीच नीट बघा. हे देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या याच रास्त्यांच्या घरातल्या, त्यामुळे वाईवर पेशवाईचा हात राहिला. दर्शन घेऊन लोक समोरूनच परततात. तसं न करता देवळाला वळसा घालून मागे जा. मागची भिंत चौकोनी नाही, माशासारखी निमुळती होत गेलेली आहे. देऊळ थेट कृष्णेच्या पात्रालगत आहे आणि पुराचं पाणी सपाट भिंतीवर आदळलं असतं तर पाया हलला असता. निमुळत्या टोकावर ते दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. अडीचशेहून जास्त पावसाळे ही भिंत पाण्यात उभी आहे. पाहुण्यांना दाखवायला वाईत याहून चांगली गोष्ट नाही, आणि तिला तिकीटही नाही.

शेजारीच काशीविश्वेश्वर आहे. तिथला काळ्या दगडाचा नंदी जवळून पाहा, विशेषतः गळ्यातल्या माळा आणि पाठीवरची झूल. मग नदीकाठाने चालत सुटा. वाईचे घाट आळ्यांच्या नावांनी ओळखले जातात: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. गणपती आळीत गर्दी असते तेव्हाही पलीकडच्या घाटांवर धुणी आणि पोहणारी मुलं यांशिवाय फारसं कोणी नसतं. सावकाश चालून तासभर पुरतो. सकाळी साडेसहा-सातला निघा.

शेवाळ मात्र फसवं असतं. पाण्याला लागून असलेल्या शेवटच्या दोन-तीन पायऱ्या कोरड्या दिसल्या तरी निसरड्या असतात. घाटावर पडणारे बहुतेक जण फोटोसाठी मागे सरकताना पडतात.

मेणवलीत नेमकं काय आहे?

वाईपासून तीनेक किलोमीटरवर नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागे कृष्णेचा घाट. चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे घाट ओळखीचा वाटतो, पण पाहुणे ज्या छोट्या घुमटीपुढून सरळ निघून जातात तिच्यातच या गावातली सगळ्यात नवलाची वस्तू टांगलेली आहे. ती आहे पोर्तुगीज घंटा. पंचधातूची, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, आणि अंगावर ओतीव आकडा १७०७. जरा निरखलं की बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना दिल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यातलीच. मेणवलीची शंकराच्या देवळाशेजारी आहे. मेरीची आकृती आणि आकडा वाचायला मोबाइलचा दिवा समोरून न धरता बाजूने, घंटेला जवळजवळ टेकवून धरा. सावली पडली की उठाव वर येतो. टोल देऊ नका. जुन्या ओतीव धातूला तडा गेला तर तो सांधणं फार अवघड असतं.

घाट अर्धगोल आहे. वरच्या पायरीवर बसलं की आकार लक्षात येतो, खाली उतरल्यावर येत नाही.

वाड्यात आत जाता येतं का?

वाडा खासगी मालकीचा आहे. तिथे असणाऱ्या माणसाला विचारून, शुल्क असेल ते देऊन आत जायचं. चौकामागून चौक लागतात. वरच्या मजल्यावर भिंतींवर चित्रं आहेत, पुसट झालेली. त्यांना हात लावणं आणि फ्लॅश मारणं दोन्ही नको. सागवानी खांब, अरुंद जिने, जाड भिंतीत कोरून काढलेल्या पायऱ्या असा ऐवज आहे. उंच माणसांनी डोकं सांभाळावं. नानांच्या कागदपत्रांना इतिहासाचे अभ्यासक ‘मेणवली दफ्तर’ म्हणतात, ते याच वाड्यातलं; आता कागद इथे नाहीत, तेव्हा ते बघायच्या आशेने येऊ नका.

धोमला धरण बघायला जायचं का?

धरणासाठी जाऊ नका, गावातल्या देवळासाठी जा. मेणवलीच्याच रस्त्याने पुढे, वाईपासून आठ-नऊ किलोमीटर. धौम्य ऋषींवरून गावाचं नाव पडलं असं मानतात. आवारात नृसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ आहे. महादेवासमोर कमळाच्या पाकळ्यांसारख्या कडेचा दगडी हौद आहे, त्यात मोठं दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. हौद भरलेला असला की कासव तरंगतंय आणि नंदी त्यावर स्वार होऊन देवाकडे निघालाय असं वाटतं. हौद कोरडा असला की तेच शिल्प एक चौथरा होऊन बसतं. उन्हाळ्यात हौद रिकामा असू शकतो, म्हणून मेच्या ऐवजी पावसाळा संपल्यावर यावं. पाणी असलं तर हौदाच्या काठावर खाली बसून बघा. डोळे पाण्याच्या पातळीजवळ आले की कारागिराला काय दाखवायचं होतं ते दिसतं.

जलाशयात पोहायला उतरू नका. वरून शांत दिसतं, पण काठ एकदम खोल होतो आणि गाळात पाय रुततो.

लोहाऱ्याची लेणी बघण्यासारखी आहेत का?

वेरूळ-कार्ल्याची अपेक्षा ठेवून जाल तर निराश व्हाल. वाईच्या उत्तरेला सहा-सात किलोमीटरवर लोहारे गाव आहे, त्याच्या डोंगरात ही छोटी बौद्ध लेणी. मोठ्या लेण्यातला स्तूप पुढे शंकराची पिंड म्हणून पुजला जाऊ लागला आणि जागेचं नाव पालपेश्वर झालं. एकाच दगडाची दोन धर्मांतली दोन आयुष्यं एका नजरेत दिसतात, ते बघण्यासाठी जायचं. पूजा चालू जागा आहे, चपला बाहेर. बॅटरी न्या, आत अंधार असतो. कातळाला आग्यामोहळ लटकलेलं दिसलं तर धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळा आणि सरळ माघारी फिरा.

किकलीचे वीरगळ म्हणजे काय? ते वाचायचे कसे?

भुईंजवरून महामार्गाच्या पूर्वेला आत गेलं की किकली. वाईहून वीसेक किलोमीटर. चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांना जाणारे इथून जातात, पण थांबत नाहीत. यादवकाळाच्या घडणीचं भैरवनाथाचं देऊळ आहे आणि आवारात वीरगळ रांगेने उभे आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची स्मारकशिळा. एका जागी इतके वीरगळ सहसा सापडत नाहीत, म्हणून वाचायला शिकायचं तर इथेच.

वाचन खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला दिसतो. तिथे किंवा त्याच्या वरच्या चौकटीत लढाई: ढाल-तलवार, कधी घोडा. जवळ गायी कोरल्या असतील तर तो गावाची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना पडला. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, म्हणजे कैलासाला पोचला. माथ्यावर चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर याचं नाव राहील. चौकटी तीन असोत की चार, क्रम सहसा हाच. पहिल्या दगडाला दहा मिनिटं लागतात, पाचव्याला एक. मग पाहुण्यांतलं लहान मूलसुद्धा पुढे जाऊन सांगू लागतं. आणि दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर तो वीरगळ नाही, सतीशिळा आहे.

सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन हवंच. दुपारी बाराला हेच दगड कोरे वाटतात. उठाव दिसावा म्हणून खडू, पीठ किंवा रंग फासणारे भेटतात. ते करू नका. झिजलेल्या दगडाच्या भोकांत ते बसतं आणि घासून काढताना दगड आणखी झिजतो.

एकच किल्ला करायचा तर कुठला?

पांडवगड, वैराटगड, केंजळगड, कमळगड असे चार तर वाईच्या आसपासच आहेत. पाहुण्यांना काहीतरी वेगळं दाखवायचं असेल तर कमळगड. धोम जलाशयाच्या वरच्या अंगाला, कृष्णा आणि वाळकी या दोन नद्यांच्या खोऱ्यांच्या मधोमध तो उभा आहे. तट-बुरूज शोधाल तर काही सापडणार नाही. आहे ती माथ्यावरची कावेची विहीर. जमिनीत एक अरुंद चीर, तिच्यात पन्नासेक पायऱ्या खाली, आणि खाली गेलं की दोन्ही भिंती लालभडक: काव, म्हणजे गेरू. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत गारवा असतो. भिंतीला बोट लावलं की लाल होतं. पांढरे कपडे घालून उतरू नका, डाग लवकर जात नाही.

विहीर म्हटलं म्हणून पाण्याच्या भरवशावर राहू नका. तिच्यात पिण्याचं पाणी नाही. माणशी तीन लिटर खालून न्या. नांदगणे किंवा असरे गावातून वर जायला साधारण अडीच-तीन तास लागतात. वाट दाट झाडीतून जाते आणि ढोरवाटा फुटत राहतात. चुकणारे हमखास या ढोरवाटांवर चुकतात, म्हणून गावातला वाटाड्या घ्या. सकाळी सातला चढायला लागलात तर दुपारी दोनच्या आत खाली. जुलै-ऑगस्टमध्ये नको: जळवा, धुकं आणि निसरडा कातळ.

तीन तासांची चढण झेपणार नसेल तर केंजळगड बघा. कातळात कोरलेल्या पायऱ्यांचा मार्ग तिथे सुंदर आहे.

बरोबर वयस्कर मंडळी आहेत. त्यांना काय झेपेल?

गणपती आणि काशीविश्वेश्वर, धोमचं देऊळ, किकली. या तिन्ही ठिकाणी गाडी जवळ जाते. मेणवलीचा घाट वरून बघता येतो, पायऱ्या उतरायची सक्ती नाही. वाड्याचे जिने, लेणी आणि किल्ले सोडून द्या.

पावसाळ्यात यावं का?

महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वाई डोंगराच्या अलीकडे असल्याने तिला त्याच्या पाव भागही मिळत नाही. त्यामुळे वर ढग फुटल्यासारखं कोसळत असताना वाईत छत्री मिटून हिंडता येतं. पण कृष्णेचं पाणी वाईच्या आभाळाकडे बघून वाढत नाही. वरच्या खोऱ्यात पाऊस झाला आणि धोममधून विसर्ग सोडला की वाईत ऊन असतानाही घाट बुडतात. विसर्गाचा इशारा असेल त्या दिवशी पायऱ्यांवर उतरू नका, पाणी तासा-दोन तासांत वर येतं. सगळ्यात चांगला काळ सप्टेंबरअखेर ते डिसेंबर: नदीला पाणी, धोमचा हौद भरलेला असण्याची शक्यता जास्त, डोंगर अजून हिरवे.

बगाड बघायला पाहुण्यांना न्यावं का?

गर्दीची सवय असेल तर जरूर. बावधन वाईपासून सहाएक किलोमीटरवर आहे, तिथल्या भैरवनाथाचं बगाड रंगपंचमीला निघतं. दगडी चाकांचा अजस्र लाकडी गाडा, त्यावर उंच शिड, म्हणजे लांब लाकडी वासा, आणि शिडाला बांधलेला माणूस, तो बगाड्या. बगाड्या कोण हे होळीला कौल लावून ठरतं. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून गावापर्यंत बैलांच्या अनेक जोड्या गाडा ओढतात. थोड्या थोड्या अंतरावर बैल बदलले जातात आणि पूर्ण दिवस जातो.

गाडी वाईतच ठेवा. बगाड रस्त्यातून कमी आणि शेतांतून जास्त चालतं, म्हणून बूट घाला. आणि कधीही गाड्याच्या पुढे किंवा बैलांच्या दोरांच्या आत उभं राहू नका. बैल बुजले की सरळ जात नाहीत, बाजूला फुटतात, आणि लोक जखमी होतात ते तिथेच. शेताच्या बांधावर, उंचावर जागा धरा. लहान मुलांना आणू नका.

कृष्णाबाईचा उत्सव कधी असतो?

थंडी सरत आली की, माघ-फाल्गुनाच्या सुमारास. नदीला देवी मानून तिची मूर्ती घाटावर बसवतात आणि एकेक आळीचा उत्सव पाळीपाळीने होतो. कीर्तन, गाणं, प्रसादाची पंगत. पाहुण्यांना प्रसादाला मज्जाव नसतो, फक्त पंगतीत बसल्यावर मध्ये उठायचं नाही आणि ताटात टाकायचं नाही. तारखा आळीगणिक वेगळ्या, आधी विचारूनच बेत करा.

पुस्तकवेड्या पाहुण्यांसाठी काही?

मराठी विश्वकोश वाईत तयार झाला हे पुण्या-मुंबईच्या वाचकांनाही अनेकदा माहीत नसतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे पहिले प्रमुख संपादक, पहिला खंड १९७६ चा. विश्वकोशाचं कार्यालय गंगापुरीत आहे. सरकारी कार्यालय असल्याने शनिवार-रविवारी बंद. बघायचं असेल तर कामाच्या दिवशी, आधी विचारून. तर्कतीर्थ ज्या प्राज्ञपाठशाळेत घडले ती नारायणशास्त्री मराठे यांची, तीही वाईचीच. विनोबा १९१७ मध्ये तिथे शिकायला राहिले होते. पसरणी घाटाच्या पायथ्याचं पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव, तेही वाटेत सांगून टाका.

इथून काय न्यायचं?

हळद. स्ट्रॉबेरी पाचगणीच्या रस्त्यावर कुठेही मिळते आणि पुण्याला पोचेपर्यंत अर्धी चेपते. वाईच्या कृष्णाकाठची हळद वर्षभर टिकते. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली ‘वायगाव हळद’ मात्र वर्धा जिल्ह्यातली, नावावरून घोटाळा होतो. हळद साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, मग शिजवून, वाळवून, पॉलिश होते. पाच किलो ओल्या हळदीची जेमतेम किलोभर वाळकी उरते, म्हणून फार स्वस्त मिळाली तर शंका घ्या. पूड घेण्यापेक्षा हळकुंडं घ्या. मोडून बघा: टणत्कार होऊन तुटलं पाहिजे आणि आतून गडद नारिंगी दिसलं पाहिजे. वाकलं तर ओल राहिली आहे, बुरशी धरेल. बाहेरून फार पिवळंधमक आणि आत फिकं असेल तर वरून रंग चोळलेला असण्याची शक्यता आहे.

कुठल्या दिवशी येऊ नये?

अंगारकीला गणपती घाटाकडे गाडी नेऊ नका. जोडून सुट्ट्या आल्या की पसरणी घाटात रांग लागते. तेव्हा वाईत रात्री मुक्कामाला या, सकाळी गावात फिरा आणि महाबळेश्वरचा नाद सोडा. पौष पौर्णिमेला आणि तिच्या आगेमागे मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा असते, त्या दिवसांत मांढरदेव घाटातून भोरकडे उतरायचा बेत करू नका.

परतताना साताऱ्याकडे जायचंय. वाटेत काही?

लिंबची बारा मोटेची विहीर. महामार्गावरून लिंब गावाकडे आत वळायचं आणि शेवटचा तुकडा शेतातून. मोठी गाडी गावातच लावा, पुढे वळवायला जागा नाही. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती आमराईला पाणी देण्यासाठी बांधली. खोली शंभर फुटांच्या वर. वरून पाहिली तर आकार शिवपिंडीसारखा, एका बाजूला अष्टकोनी मुख्य विहीर आणि दुसऱ्या बाजूला जिन्याची वाट. या दोन्हींच्या मध्ये, पाण्याच्या वर, चक्क एक दालन आहे: खांब, कोरीवकाम, बसायला जागा. नाव बारा मोटेची असलं तरी काठावर मोटांच्या जागा मोजून बघा, पंधरा भरतात. मुलांना मोजायला लावा, तेवढ्या वेळात मोठ्यांना दालन निवांत बघता येतं. मात्र मोजणाऱ्यांबरोबर एक मोठं माणूस हवंच, कारण वरच्या काठाला सगळीकडे कठडा नाही.